वाढीव खोलीतली वीज

नगरकडच्या माणसाचे घर कधी बांधून पुरे होत नाही. सावेडीत, केडगावात किंवा बोल्हेगावात संध्याकाळी सहज फेरफटका मारावा आणि मान वर करून पाहावे. कितीतरी गच्च्यांवर खांबांच्या सळया उघड्याच सोडलेल्या दिसतील. थोरल्याचे लग्न ठरू दे, बँकेचे कर्ज फिटू दे, मग वर दोन खोल्या चढवू, असा त्या सळयांचा अर्थ असतो. माळीवाड्यातल्या किंवा नालेगावातल्या जुन्या वाड्यांत सळया नसतात; तिथे एका बाजूचे माळवद उतरवून स्लॅब टाकण्याचा बेत वर्षानुवर्षे घरात शिजत असतो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण घर वाढवण्याची ही हौस नगरच्या काळातली आहे तशीच आहे.

आमच्याकडे निमित्त झाले आईचे. तिचे गुडघे जिना मानीनासे झाले आणि पुढच्या खोलीतला पाहुण्यांचा राबता तिला सोसेना. तेव्हा परसातल्या पेरूचा बळी देऊन मागच्या अंगाला एक खोली काढायची, तिला लागून न्हाणीघर करायचे आणि त्यात गीझर बसवायचा असे ठरले. दिवाळीचे अभ्यंगस्नान आईने तिच्या स्वतःच्या न्हाणीघरात करावे, एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

नकाशा मंजूर झाला म्हणजे सगळे झाले?

घर वाढवायचे तर परवानगी हवी, हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे अशा किरकोळ दुरुस्त्यांना कुणी विचारीत नाही. पण नवी भिंत उभी राहिली, छप्पर पडले, की १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा लागू होतो. शहरात २००३ पासून महानगरपालिका आहे. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा गावांत नगरपरिषदा आहेत. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही भाग वगळून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू झाली आणि लहान भूखंडांवरच्या घरांची वाट पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली. आम्हीही रीतसर इंजिनियर धरला, नकाशा काढला, शुल्क भरले आणि शिक्का मारलेला कागद देवापुढे ठेवला.

तो नकाशा मी आता पुन्हा पाहतो तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. भिंत किती इंचांची, खिडकी केवढी, शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती जागा सोडली, सांडपाणी कुठे जाते, हे सारे त्यात आहे. वायर मात्र कुठेच नाही. जुन्या घराचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे तर मुळीच नाही. विटा, सिमेंट आणि मोकळी जागा यांची परवानगी आम्हांला मिळाली होती. विजेची परवानगी मिळाली, असे आम्ही आपले समजून चाललो.

इंग्लंडात आणि वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून घरातले विजेचे काम इमारतीच्या नियमांतच आणले गेले. घरात नवे सर्किट टाकायचे तर स्थानिक इमारत खात्याला कळवावे लागते, नाहीतर नोंदणी झालेल्या वायरमनकडून काम करून घेऊन त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुढे घर विकताना घेणारा ते प्रमाणपत्र मागतो. आपल्याकडे असे एक दार नाही. आपल्याकडे तीन दारे आहेत, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. बांधकामाचे दार नगररचना खात्याचे. विजेच्या भाराचे दार महावितरणचे. राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या. जुनी माणसे अजून तिला ‘बोर्ड’च म्हणतात. आणि घरातल्या वायरिंगचे दार परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे. पहिल्या दोन दारांशी आपण रांग लावतो. तिसऱ्या दारातून काय आत येते, हे बहुधा पाहतच नाही.

खांबावरची तार आधी पाहा

कायदा काही कमी पडलेला नाही. १९१० चा वीज कायदा गेला आणि २००३ चा आला. १९५६ चे नियम गेले, त्यांच्या जागी केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१० चे विनियम आले आणि पुढे २०२३ चे आले. पण घर वाढवणाऱ्याने लक्षात ठेवायची दोन कलमे या सगळ्या बदलांत टिकून राहिली आहेत.

पहिले कलम पाया खणण्याच्या आधीचे आहे. आपल्या गल्लीतून विजेची उघडी तार गेलेली असते. घर बांधले तेव्हा ती लांब असते. आपण गॅलरी पुढे काढतो, वर मजला चढवतो, आणि तार आपल्याकडे न येता आपणच तारेकडे जातो. नेहमीच्या लघुदाबाच्या तारेपासून इमारत आडव्या अंतरात निदान १.२ मीटर दूर हवी आणि तार वरून जात असेल तर छपरापासून निदान २.५ मीटर उंच हवी. अकरा हजार व्होल्टची तार असेल तर आडवे अंतर तेवढेच, पण उभे अंतर ३.७ मीटर. तेहतीस हजारांची असेल तर आडवे अंतर २ मीटर. वाढीव बांधकामाने ही अंतरे मोडणार असतील तर काम सुरू करण्यापूर्वी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवावे लागते, सोबत मापाचा नकाशा द्यावा लागतो आणि तार हलवण्याचा खर्च घरमालकालाच सोसावा लागतो.

हे कळवायचे कोण जाणे कुणाला सुचत असेल! गवंड्याच्या हातातली वीस फुटी सळई, संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणारी मुले, ओले कपडे वाळत घालणारी सून, या साऱ्यांच्या वाट्याला ती तार येते; नकाशा काढणाऱ्याच्या नाही. आमची खोली मागच्या अंगाला आणि तळमजल्यावर, म्हणून या भानगडीतून आम्ही सुटलो.

दुसरे कलम कामाचे आहे. दिवा बदलणे, पंखा लावणे, फ्यूज घालणे, तशाच जातीचा स्विच बसवणे हे कुणीही करावे. पण वायरिंगमध्ये वाढ, बदल किंवा दुरुस्ती करायची तर ती परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली झाली पाहिजे. काम झाले की त्याने चाचण्या घेऊन टेस्ट रिपोर्ट द्यायचा. वाढीव भार मागताना महावितरण तो रिपोर्ट मागते.

भार वाढला म्हणजे काय होते

खोली वाढली की भार वाढतो, हे सगळ्यांना कळते. किती वाढतो, याचा हिशेब मात्र कुणी मांडीत नाही. एक दिवा आणि एक पंखा असा भार असेल तर तो नगण्य. पण दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खोलीत वातानुकूलन यंत्र आले की तेही जुन्या बोर्डावरच लटकते. वायरीतून दुप्पट प्रवाह गेला तर ती दुप्पट तापत नाही, चौपट तापते. पंचवीस वर्षांपूर्वी दिव्यापंख्यांसाठी टाकलेली वायर भिंतीच्या आत तापत राहते, तिचे आवरण कडक होते, तडकते, आणि वरून भिंतीला छान रंग दिलेला असल्यामुळे कुणाला काही दिसत नाही.

म्हणून गीझरला आणि वातानुकूलन यंत्राला मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर आणावी. दिव्यांना दीड, साध्या पॉवर पॉइंटला अडीच आणि अशा मोठ्या उपकरणाला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असा साधारण रिवाज आहे. लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ, हे रंग कुठेही बदलू देऊ नयेत. उरलेल्या तुकड्यांतून काम भागवणारा माणूस पैसे वाचवतो ते त्याचे, आपले नव्हे.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. वाढीव खोलीत पुष्कळजण शिकवणीचा वर्ग काढतात, ब्यूटी पार्लर काढतात, रस्त्याच्या बाजूला शटर लावून किराणा मांडतात. मीटर घरगुतीच राहते. २००३ च्या कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली हा अनधिकृत वापर ठरू शकतो आणि लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. अशा वापराची मुदत ठरवता आली नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. वापर बदलला की आधी अर्ज करावा, हे बरे.

आईच्या हाताला मुंग्या

आमच्या खोलीचे काम नवरात्रात संपले. ठेकेदाराने भाराचा अर्ज भरला, टेस्ट रिपोर्ट जोडला, सही-शिक्का केला. त्या रिपोर्टात ‘अर्थिंग समाधानकारक’ असे छान अक्षरात लिहिले होते. वाढीव भार मंजूर झाला. आई नव्या खोलीत राहायला गेली.

आठ-दहा दिवसांनी ती म्हणाली, “अरे, न्हाणीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात.”

आम्ही काय केले? तिला डॉक्टरांकडे नेले. वय झालेले, थोडी साखर. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ती पुन्हा म्हणाली तेव्हा सौ. म्हणाली, “गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो, आई.” मी तर तेवढेही बोललो नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तक्रारीचे आपण एक खाते उघडून ठेवलेले असते, त्यात ती जमा झाली.

वसुबारसेच्या दिवशी सौ.चे मामा आले. मामा बोर्डातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात श्रीगोंदा-कर्जतच्या खांबांवर गेलेली. खोली पाहून झाली, कौतुक झाले, चिवड्याची बशी पुढे आली, आणि बोलता बोलता आईने त्यांनाही मुंग्यांचे सांगितले. मामांनी बशी खाली ठेवली.

“मुंग्या नळालाच येतात का दाराच्या कडीलाही?”

“नळालाच. गीझर चालू असला म्हणजे जास्त.”

“जावईबापू,” मामा उठत म्हणाले, “आधी मेन बंद करा. मग बोलू.”

मेन बंद झाले. मामांनी गीझरचा बोर्ड उघडला. हिरवी वायर तिथे होती, नीट कसलेली होती. तिचा माग काढीत ते मीटरपाशी आले. तिथेही ती जोडलेली होती. मग त्यांनी विचारले, “घराचा अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?”

मी परसाकडे बोट केले आणि बोट तसेच हवेत राहिले. खड्डा पेरूच्या बुंध्याशी होता. त्यातला पाइप मला लहानपणापासून आठवतो. उन्हाळ्यात आई त्याच्यात तांदूळ धुतलेले पाणी ओतायची. त्या जागेवर आता आईच्या न्हाणीघराची फरशी होती. गवंड्याने मध्ये येणारा पाइप कापला, खड्डा भरला, धुम्मस मारला आणि वर काँक्रीट ओतले. त्याच्या दृष्टीने तो एक गंजका नळ होता. वायरमनने हिरवी वायर जुन्या बोर्डाला जोडली. त्याच्या दृष्टीने बोर्डाच्या पुढचे काम जुन्या घराचे. इंजिनियरच्या नकाशात खड्डा नव्हताच. आणि ज्याने ‘समाधानकारक’ लिहिले, त्याने तो खड्डा कधी पाहिला नाही.

म्हणजे एक खोली वाढवताना आम्ही आख्ख्या घराचे अर्थिंग तोडले होते. गीझरच्या कॉइलमधून जी थोडी वीज त्याच्या अंगावर उतरत होती, तिला जमिनीत जायला वाट नव्हती. ती नळावर येऊन थांबत होती आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या आईच्या हातातून वाट काढू पाहत होती.

“एमसीबी तर नवीन बसवली आहे,” मी कसेबसे म्हणालो.

“ती वायर जळू नये म्हणून असते,” मामा म्हणाले. “सोळा अँपिअरच्या एमसीबीला माणूस मेलेला कळत नाही.”

चाचणी कशाला म्हणावी

त्या दिवाळीत मामांनी मला जे शिकवले ते प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने शिकून घ्यावे असे आहे. ते फारसे अवघडही नाही.

टेस्ट रिपोर्ट हा सहीचा कागद नव्हे, मापांचा कागद आहे. ठेकेदाराने मेगर नावाचे उपकरण आणावे, पाचशे व्होल्टचा दाब वायर आणि अर्थ यांच्यामध्ये एक मिनिट लावावा आणि आवरणाचा रोध निदान एक मेगओहम भरतो का ते पाहावे. अर्थिंगचा रोध वेगळा मोजावा. स्विच फेजवर आहे, न्यूट्रलवर नाही, हे प्रत्येक पॉइंटला तपासावे. हे सारे आपल्या देखत व्हावे आणि रिपोर्टात आकडे लिहिले जावेत. नुसते ‘समाधानकारक’ लिहिले असेल तर विचारावे, किती? या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी उघड होतात. काही ठिकाणी प्लगच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात आणि अर्थिंग झाले म्हणतात. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की त्या दिवशी फ्रिजचे आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे अंग जिवंत होते. हे कुणी करताना दिसला तर त्याला नमस्कार करून घरी पाठवावे.

अर्थिंगच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. पाऊस कमी. अनेक ठिकाणी हातभर खणले की मुरूम आणि त्याखाली काळा खडक. कोरडा मुरूम वीज वाहून नेत नाही. म्हणून खड्डा पुरेसा खोल घ्यावा, कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावेत, भोवती काळी माती भरावी, आणि चैत्र-वैशाखात त्यात पाणी घालीत जावे. खड्ड्यावर झाकण असावे. फरशीखाली तो गाडू नये. वीज कंपनी मीटरपाशी अर्थ देते हे खरे, पण घराला स्वतःचा खड्डा हवाच.

आणि माणूस वाचवणारे उपकरण वेगळे असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ते क्षणात वीज तोडते. घरासाठी तीसचेच घ्यावे. त्याच्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला तर उपकरण जागे आहे असे समजावे.

दारात कुणी येणार नाही

२०२१ ची भाऊबीज नगरकर विसरणार नाहीत. ६ नोव्हेंबरच्या त्या सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळे गेली होती. दोन्ही वेळा राज्यभर एकच विचारणा झाली: तपासणी झाली होती का?

रुग्णालयाबद्दल हा प्रश्न निदान विचारला तरी जातो. पंधरा मीटरहून उंच इमारत असेल तर विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते. आपल्या एकमजली घराच्या वाढीव खोलीत मात्र निरीक्षक येत नाही. नगररचनेचा माणूस आला तर भिंत मोजून जाईल, महावितरणचा आला तर मीटर पाहून जाईल. भिंतीच्या आत काय आहे याला जबाबदार म्हणून एकच सही उरते, ती ठेकेदाराची. ती सही आपण तीन-चारशे रुपयांच्या घासाघिशीत विकत घेतो आणि वर “तेवढं कागदाचं तुम्हीच बघा” असे सांगतो. आमच्या ठेकेदाराला मी हेच शब्द बोललो होतो. त्यामुळे त्याला दोष देताना माझा आवाज फारसा चढत नाही.

तेव्हा खोली वाढवणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा. नकाशा काढायला इंजिनियर आला की त्याला आधी दोन गोष्टी दाखवाव्यात: वरची तार आणि खालचा खड्डा. दोन्ही नकाशात मांडून घ्याव्यात. भिंती उभ्या राहण्यापूर्वी ठेकेदाराचा परवाना पाहावा, त्याची मुदत पाहावी. गिलावा होण्यापूर्वी भिंतीतल्या पाइपांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात. भार आधी मंजूर करून घ्यावा, मग गीझर आणावा. चाचणी स्वतः उभे राहून पाहावी. आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या शेजारी तो टेस्ट रिपोर्ट जपून ठेवावा.

धनत्रयोदशीला मामांनी आणि दुसऱ्या एका परवानाधारक वायरमनने मिळून घराच्या पूर्वेच्या अंगाला नवा खड्डा घेतला. कुदळीला मुरूम लागला, पहारीला खडक लागला, तरी संध्याकाळपर्यंत काम पुरे झाले. मेगर लावला, आकडे लिहिले, आरसीसीबी बसली. बटण दाबून खटका पडल्यावरच मामांनी परत हात धुऊन चिवड्याची बशी घेतली. नरकचतुर्दशीला पहाटे आई नव्या न्हाणीघरात न्हाली. बाहेर येऊन तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “गेल्या बघ मुंग्या. डॉक्टरांच्या गोळ्यांचा गुण आला.”

खरे काय ते तिला नंतर सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मग पाणी आता कुठल्या खड्ड्यात ओतायचं?”

तेव्हापासून तांदूळ धुतलेले पाणी पूर्वेच्या खड्ड्यात जाते, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आई स्टुलावर न चढता, काठीच्या टोकाने, ते ‘टी’चे बटण दाबते. घरभर अंधार होतो. मग ती हाक मारते, “लावा रे आता!”